मनोरुग्णांच्या ‘समाधाना’चे मापन : एक भाषिक चिकित्सा

रुग्णालयाने रुग्णाला किती समाधान दिले हे आकड्यात सांगता येते, ह्या गृहीतावर आज आरोग्यव्यवस्थेतील पुष्कळसे मूल्यमापन उभे आहे. केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये ‘मेरा अस्पताल’ ही रुग्णांचे अभिप्राय गोळा करणारी यंत्रणा सुरू केली, ती ह्याच गृहीतावर. मनोरुग्णसेवेपुरते पाहिले, तर लार्सन, ॲटकिसन, हारग्रीव्ह्ज व न्गुयेन ह्या अमेरिकन संशोधकांनी १९७९ मध्ये सिद्ध केलेली आठ प्रश्नांची प्रश्नावली फार मोठ्या प्रमाणावर वापरली गेली आहे. सेवेचा दर्जा कसा वाटला, हवी होती तीच सेवा मिळाली काय, गरजा कितपत भागल्या, मित्राला तशीच गरज पडली तर त्याला येथे येण्यास सुचवाल काय, मिळालेल्या मदतीचे प्रमाण पुरेसे होते काय, अडचणींना तोंड देण्यास मदत झाली काय, एकंदरीत किती समाधानी आहात, पुन्हा गरज पडल्यास परत याल काय, असे तिचे आठ प्रश्न. प्रत्येकाला चार उत्तरे, एक ते चार गुण, आणि बेरीज आठ ते बत्तीस. साधन आटोपशीर आहे, पाच मिनिटांत उरकते, आणि प्रशासनाला हवा असतो तसा एकच आकडा देते.

ह्या आकड्याच्या संख्याशास्त्रीय बाजूची चर्चा करण्याचा प्रस्तुत लेखकाचा अधिकार नाही. परंतु अशी प्रश्नावली मराठीत आणली जाते, ती चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टीतील एखाद्या बाह्यरुग्ण विभागात वाचून दाखवली जाते, आणि समोरचा मनुष्य तिला तोंडी उत्तर देतो. ही सर्व क्रिया भाषेची आहे. आकडा जन्माला येण्यापूर्वीच जे काही घडते ते भाषेत घडते, आणि त्याची तपासणी भाषाभ्यासकाने करावयास हरकत नसावी.

प्रथम ‘समाधान’ हा शब्दच घेऊ. भाषा तपासून देण्यासाठी अशा प्रश्नावल्यांचे मराठी मसुदे विभागाकडे अधूनमधून येतात. त्यांत इंग्रजी मूळ पदाला ‘समाधान’ हाच प्रतिशब्द ठरून गेलेला दिसतो. कोशदृष्ट्या त्यात चूक काढता येत नाही. पण मराठीत ‘समाधान’ हा शब्द वस्तूपेक्षा माणसाविषयी अधिक बोलतो. ‘तो समाधानी आहे’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्याला मिळालेल्या वस्तूची प्रतवारी करीत नसतो. त्याच्या वृत्तीची वाखाणणी करीत असतो. संतपरंपरेने, कीर्तनाने आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्याने ह्या शब्दावर शतकानुशतके एक नैतिक पुट चढवलेले आहे. समाधानी असणे हा गुण आहे, आणि असमाधानी असणे हा हावरेपणाच्या किंवा कृतघ्नपणाच्या जवळ जाणारा दोष. आता मोफत औषध घेऊन बाकावर बसलेल्या स्त्रीला ‘आपण समाधानी आहात का?’ असे विचारले, तर प्रश्न रुग्णालयाविषयी असतो, उत्तर मात्र तिला स्वतःच्या शीलाविषयी द्यावे लागते. ‘नाही’ म्हणणे म्हणजे दवाखान्याची उणीव सांगणे नव्हे. आपण किती अतृप्त आहोत ह्याची चारचौघांत कबुली देणे होय.

ह्यावर संशोधकांचे नेहमीचे उत्तर असे की, अनुवादाची खातरजमा उलट-भाषांतराने करून घेतली जाते. रिचर्ड ब्रिस्लिन ह्यांनी १९७० मध्ये ह्या पद्धतीची शिस्तशीर मांडणी केली, आणि तेव्हापासून ती आंतरसांस्कृतिक संशोधनात जवळजवळ कर्मकांडासारखी पाळली जाते. एका अनुवादकाने इंग्रजीतून मराठीत न्यावे, दुसऱ्याने मूळ न पाहता मराठीतून इंग्रजीत परत आणावे, आणि दोन इंग्रजी पाठ जुळले की अनुवाद प्रमाण मानावा. पण दोन्ही अनुवादक एकाच विद्यापीठीय द्विभाषिक वर्गातले असतात. दोघांच्याही मनातला कोश एकच असतो. ‘समाधान’ इंग्रजीत परत नेताना दुसरा अनुवादक नेमका तोच शब्द योजील जो पहिल्याने समोर ठेवला होता, आणि पाठ तंतोतंत जुळतील. जुळले हे खरे. परंतु त्यावरून दोन सुशिक्षितांचे एकमत तेवढे सिद्ध होते. कोरचीच्या बाजारातून आलेल्या माणसाच्या कानावर तो शब्द कसा पडतो ह्याची परीक्षा त्यात झालेलीच नसते.

मग उपचाराविषयीचे मत हा मनुष्य आपल्या बोलीत कसे व्यक्त करतो? इकडे सामग्री विपुल आहे, आणि ती प्रश्नावलीकारांनी जवळजवळ वापरलेली नाही. मराठीत औषधाला ‘गुण येतो’, ते ‘लागू पडते’, दुखण्याला ‘उतार पडतो’, विदर्भात तर ‘आराम पडला’ किंवा ‘आराम नाही पडला’ हे नित्याचे बोलणे आहे. एखाद्या डॉक्टरच्या किंवा वैदूच्या ‘हाताला गुण आहे’ असे म्हणतात. ह्या सर्व प्रयोगांचे व्याकरण पाहण्यासारखे आहे. कर्ता औषध आहे, दुखणे आहे, आराम आहे, वैद्याचा हात आहे. रुग्ण कोठेही परीक्षकाच्या आसनावर बसलेला नाही. फार तर तो ‘मला आराम पडला’ असा चतुर्थीत येतो, म्हणजे ज्याच्या ठिकाणी काही घडले असा अनुभवता म्हणून. उलट प्रश्नावली त्याला प्रथमेत उभे करते : तुम्ही दर्जा ठरवा, तुम्ही शिफारस करा, तुम्ही समाधानी व्हा. बाजारातील गिऱ्हाइकाची ही भूमिका आहे. ती वाईट आहे असे नाही, पण दवाखान्याच्या बोलीत ती आपल्याकडे नाही; निदान अद्याप रुळलेली नाही.

ह्याहून बिकट प्रकरण ‘बरं’ ह्या एका शब्दाचे आहे. ‘कसं वाटलं?’ ह्या प्रश्नाला मिळणारे सर्वांत सामान्य उत्तर ‘बरं आहे’. ह्या ‘बरं’चे निदान चार अर्थ होतात. रोग हटला, हा एक. तो रोग्याला ‘बरे वाटणे’ ह्यातला. मध्यम आहे, चालण्याजोगे आहे, हा दुसरा. दोन वाईटांतले त्यातल्या त्यात कमी वाईट, हा तिसरा. ‘न येण्यापेक्षा आलेलं बरं’ ह्यात तो दिसतो. आणि चौथा अर्थ नुसत्या हुंकाराचा : ऐकले, कळले, आता पुढे बोला. समोरच्या आरोग्यसेविकेला ह्या चारांतून एक निवडून चारपैकी एका चौकटीत खूण करावयाची असते. तिने ‘समाधानी’वर खूण केली, तर तिला दोष देता येणार नाही, पण कागदावर जे उमटले ते बोलणाऱ्याचे मत होते की तिचा तर्क होता, हे पुढे कोणालाच सांगता येणार नाही. स्वराघात, थांबणे, मान फिरवणे ह्यांवर ज्या शब्दाचा अर्थ अवलंबून आहे, तो शब्द चौकटीत शिरताना नेमक्या ह्याच गोष्टी बाहेर ठेवून येतो. दुसऱ्या टोकाला ‘काहीसा असमाधानी’ हा पर्याय असतो. असा प्रयोग कोणी बोलताना केलेला प्रस्तुत लेखकाने ऐकलेला नाही. नापसंती सांगताना लोक ‘नाही पटलं’ म्हणतात, ‘मन नाही लागलं’ म्हणतात, किंवा काहीच म्हणत नाहीत आणि पुढच्या तारखेला येत नाहीत.

येथे एक संख्याशास्त्रीय आक्षेप ओझरता घेतो. अशा प्रश्नावलीची आंतरिक सुसंगती क्रॉनबाख ह्यांच्या १९५१ मधील अल्फा-गुणकाने मोजतात, आणि तो चांगला आला की साधन विश्वसनीय ठरते. पण जो नम्र तो आठही प्रश्नांना नम्र, आणि जो चिडलेला तो आठही ठिकाणी चिडलेला, एवढ्यानेही गुणक उंचच येईल. सुसंगती कशाची, समाधानाची की शिष्टाचाराची, हे गुणक सांगत नाही.

मनोरुग्णसेवेत आणखी एक व्याकरणिक अडचण आहे, आणि ती प्रस्तुत लेखकाला सर्वांत महत्त्वाची वाटते. प्रश्नावलीचा रुग्ण ‘सेवा घेतो’. प्रत्यक्षात मात्र विदर्भातला मनोरुग्ण आपली कथा सांगताना ‘मला आणलं’, ‘मला भरती केलं’, ‘मला तिथं ठेवलं’ असे सांगतो, आणि त्याचा भाऊ ‘याला नागपूरला दाखवला’ असे म्हणतो. दोन्ही वाक्यांत रुग्ण कर्म आहे. ही नुसती बोलण्याची लकब नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमातही कलम ८९ खाली नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावरून दाखल करून घेण्याची तरतूद आहे. म्हणजे दुसऱ्याने आणण्याची शक्यता कायद्यालाच मान्य आहे. ज्याला आणले गेले त्याला ‘हवी होती तीच सेवा मिळाली काय?’ असे विचारणे, हे ज्याला काही नकोच होते त्याला ‘हवे ते मिळाले का’ विचारण्यासारखे आहे. मग तो प्रश्न बहुधा भावाकडे वळतो, आणि भाऊ समाधानी असतो. रात्री घरात झोप मिळू लागलेली असते. त्याचे समाधान खोटे नाही. परंतु ते त्याचे आहे. रुग्गेरी व डाल्लाग्नोला ह्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्हेरोना येथील मापनश्रेणीत रुग्ण, नातेवाईक आणि कर्मचारी ह्यांना वेगवेगळे विचारण्याची सोय होती, ती ह्याच कारणाने मोलाची. आपल्याकडे एका केसपेपरमागे एकच उत्तर घेतले जाते, आणि ते कोणी दिले हे लिहिण्याची जागा सहसा नसते. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, आणि २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ अभियान चालू झाले. व्यसनमुक्तीच्या उपचारात तर बायकोचे समाधान आणि नवऱ्याचे समाधान ही कित्येकदा एकमेकांच्या विरुद्ध दिशेला जाणारी दोन परिमाणे असतात.

‘मित्राला सुचवाल काय?’ हा प्रश्नही असाच. नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय सबंध विदर्भात ‘पागलखाना’ ह्या नावाने ओळखले जाते. तेथे जाण्याची शिफारस म्हणजे मित्राला तू वेडा आहेस असे सांगणे, आणि त्याच बरोबर आपणही तेथे होतो हे जाहीर करणे. असा मनुष्य ‘नाही’ म्हणाला तर त्याने सेवेला कमी गुण दिले असे समजायचे, की मैत्री राखली असे?

आतापर्यंत आपण मराठी ही रुग्णाची भाषा धरून चाललो. ज्या दोन जिल्ह्यांचा येथे विचार चालला आहे तेथे हे गृहीतही टिकत नाही. १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा क्षेत्रफळाने चौदा हजार चौरस किलोमीटरांहून मोठा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १० लाख ७२ हजार, आणि तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण ३८ टक्क्यांहून अधिक. उत्तरेकडे वडसा-आरमोरीच्या बाजूस झाडीबोली. तिच्यात ळ, ण, श, ष हे ध्वनी नाहीत. ‘डोळा’ तेथे ‘डोरा’ होतो, ‘शाळा’ ‘सारा’ होते. डॉ. हरिश्चंद्र बोरकर ह्यांनी ह्या बोलीकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले नसते, तर तिला ‘अशुद्ध मराठी’ म्हणूनच गणले गेले असते. दवाखान्याच्या खिडकीवर आजही तसेच गणले जात नसेल असे म्हणवत नाही. कोरची-कुरखेड्याकडे छत्तीसगढी ऐकू येते, सिरोंच्याला तेलुगू, मुलचेरा-चामोर्शीच्या वसाहतींत बंगाली. भामरागड, एटापल्ली, धानोऱ्यात माडिया व गोंडी. चंद्रपूरच्या जिवती-राजुऱ्याकडे गोंडी व कोलामी. २०११ च्या गणनेत देशभरातील गोंडीभाषकांची संख्या २९ लाखांच्या वर होती. तरीही ती भाषा संविधानाच्या आठव्या अनुसूचीत नाही, आणि प्रश्नावल्यांच्या अनुवादांच्या यादीतही तिचे नाव सहसा दिसत नाही.

म्हणून मध्ये दुभाषी येतो. कधी तो आशाताईच्या रूपाने येतो, कधी शाळेत जाणाऱ्या पुतण्याच्या. ‘समाधान’ हा शब्द दुभाष्यापर्यंत पोचतो. तेथून पुढे तो माडियात काय होतो, आणि आलेले उत्तर मराठीत परतताना त्याचे काय होते, ह्याची नोंद कागदावर कोठेच नसते. कायद्याची भूमिका ह्याबाबत स्पष्ट आहे. २०१७ च्या अधिनियमाच्या कलम २२ अन्वये रुग्णाला आपल्या आजाराविषयी व उपचाराविषयी स्वतःला समजेल अशा भाषेत माहिती मिळण्याचा हक्क आहे. माहिती देताना जी भाषा बंधनकारक, ती मत विचारताना मात्र ऐच्छिक कशी, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे.

दुभाषी स्थानिक असला म्हणजे अडचण संपली, असेही नाही. विल्यम लबॉव्ह ह्यांनी १९६९ मध्ये न्यूयॉर्कमधील हार्लेमच्या एका आठ वर्षांच्या मुलाच्या मुलाखती प्रसिद्ध केल्या. मुलाखतकार त्याच वस्तीत वाढलेला, त्याच वर्णाचा. तरीही मुलगा एका शब्दापुढे जाईना. पुढच्या वेळी मुलाखतकाराने त्याच्या जिवलग मित्राला बरोबर घेतले, बटाट्याचे काप आणले, आणि तो खाली जमिनीवर बसला. तोच मुका मुलगा मग मित्राला बोलू देईना. मुलाची भाषा दोन दिवसांत सुधारली नव्हती. बोलण्याचा प्रसंग बदलला होता. दवाखान्यात प्रसंग बदलत नाही. विचारणारी व्यक्ती पुढच्या महिन्याच्या गोळ्या देणाऱ्यांपैकीच असते.

ही केवळ जंगलातील माणसाची गोष्ट आहे असे मात्र कोणी समजू नये. ब्रिटनमध्ये विल्यम्स, कॉइल आणि हीली ह्यांनी १९९८ मध्ये मानसिक आरोग्यसेवा घेणाऱ्यांशी सविस्तर बोलून पाहिले, तेव्हा समाधान व्यक्त करणाऱ्या उत्तरांच्या मागे कित्येक नकोसे अनुभव दडलेले आढळले. ‘ते त्यांचे कामच नव्हते’ किंवा ‘त्यांचा तरी काय दोष’ असे म्हणून लोक कर्मचाऱ्यांना सूट देत होते, आणि ती सूट उंच गुण होऊन कागदावर उतरत होती. आपल्या जिल्ह्यांत ‘डॉक्टर तरी एकटा काय करणार’ हे वाक्य ज्याने ऐकले आहे त्याला ह्यात नवल वाटणार नाही.

मनोरुग्णाच्या बाबतीत मात्र ह्या सूट देण्याला भीतीची जोड आहे. इतर रुग्णाची तक्रार ही तक्रार असते. मनोरुग्णाची तक्रार लक्षण ठरू शकते. ‘माझ्या जेवणात काहीतरी घालतात’ हे वाक्य घ्या. मनोविकृतिशास्त्राच्या पुस्तकात हे संशयभ्रमाचे उदाहरण म्हणून शोभेल. पण रुग्णाला न सांगता भाजीत किंवा चहात औषध मिसळून देणे हा प्रकार आपल्याकडे मानसोपचाराच्या व्यवहारात सर्वश्रुत आहे. त्यामुळे हेच वाक्य शब्दशः खरेही असू शकते. बोलणाऱ्याला हे ठाऊक असते. आपण जास्त बोललो तर गोळी वाढेल, हेही त्याला ठाऊक असते. कलम २८ ने त्याला सेवेतील उणिवांविषयी तक्रार करण्याचा हक्क दिला आहे, परंतु कोणते वाक्य तक्रार आणि कोणते लक्षण हे ठरवण्याचा अधिकार टेबलाच्या पलीकडेच राहिला आहे. अशा स्थितीत बत्तीसपैकी तीस गुण पडले, तर त्यातले किती समाधानाचे आणि किती सावधपणाचे, हे विचारल्याशिवाय तो आकडा अहवालात जाऊ नये. एकदा तो गेला, की त्या दवाखान्यात सुधारण्यासारखे काही नाही असा त्याचा अर्थ होतो, आणि पुढच्या वर्षीचा दुभाषी, जादा समुपदेशक किंवा औषधांचा साठा ह्या आकड्यानेच अडवला जातो.

ह्याच भूमीत वेगळ्या रीतीने विचारले गेल्याचे एक उदाहरण आहे. डॉ. अभय व राणी बंग ह्यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’चे काम सुरू केले. आदिवासी दवाखान्यात का येत नाहीत हे त्यांनी लोकांनाच विचारले. उत्तरे आली ती भीतीची होती. मोठी इमारत अंगावर येते. नातेवाइकांना आत राहू देत नाहीत. पांढरे कपडे घातलेली माणसे भोवती फिरतात, आणि पांढऱ्यात तर प्रेत गुंडाळतात. त्यावरून शोधग्रामचा दवाखाना झोपड्यांच्या पाड्यासारखा, नातेवाइकांना रुग्णाजवळ राहता येईल असा बांधला गेला, आणि त्याला माँ दंतेश्वरीचे नाव मिळाले. पद्धतीच्या दृष्टीने येथे दोन गोष्टी लक्षणीय आहेत. प्रश्न सेवेच्या आधी विचारला होता, आणि उत्तराचे शब्द लोकांचे होते. पांढऱ्या कपड्यांची गोष्ट कोणत्याही मापनश्रेणीत आली नसती, कारण ती कोणाही प्रश्नावलीकाराच्या डोक्यात आली नसती. अर्थात हे उदाहरण सामान्य दवाखान्याचे आहे. मनोरुग्णसेवेला ते जसेच्या तसे लावता येणार नाही. ज्याचे भय स्वतःच्या मनातूनच उठते आहे त्याचे कोणते भय दवाखान्याने निर्माण केले हे वेगळे काढणे अवघड आहे. पण अवघड आहे म्हणून ते विचारूच नये, असे होत नाही.

प्रशासनाला आकडा लागतोच, हा आक्षेप रास्त आहे. रुग्ण परत येतात की नाही हे मोजावे, अशी सूचना काहीजण करतात. तिच्यातही अडचण आहे : भामरागडहून न येण्याचे कारण पावसाळ्यात पर्लकोटेला आलेला पूर असू शकते, आणि परत येण्याचे कारण दुसरीकडे मोफत गोळी मिळत नाही एवढेच. तरीही प्रश्नावली वापरायचीच असेल, तर तिच्यात निदान काही फेरफार तातडीने शक्य आहेत. ‘समाधानी आहात काय’ ऐवजी काय घडले ते विचारावे : गोळी कशासाठी हे कोणी सांगितले काय, कोणत्या भाषेत सांगितले, झोपेशिवाय आणखी कशात फरक पडला, कशाची भीती वाटली. श्रेणी ‘आराम पडला’ आणि ‘गुण आला’ ह्या बोलण्यातून घडवावी, आणि ती झाडीबोलीत व माडियात स्वतंत्रपणे घडवावी. मराठीवरून उतरवू नये. विचारणारा त्या दवाखान्याचा नोकर नसावा. रुग्णाला आणि त्याला आणणाऱ्याला निरनिराळे विचारावे. आणि प्रत्येक उत्तराच्या खुणेशेजारी चार रकाने असावेत : कोणी विचारले, कोणत्या भाषेत विचारले, कोणी उत्तर दिले, आणि त्याने उच्चारलेले शब्द जसेच्या तसे. चौथ्या रकान्यात पानोपान ‘बरं आहे’ एवढेच भरून आले, तर बेरीज करण्यापूर्वी ती पाने कोणीतरी मोठ्याने वाचून पाहावीत.